दोन खिडक्यांच्या मधली कामशात

कामशातची खोली म्हणजे खोली नव्हेच. इस्पितळाच्या तळमजल्यावर जिन्याखाली फळ्या ठोकून काढलेली जागा. लांबी एका खाटेएवढी आणि रुंदी दोन पावलांची. एका बाजूला आवाराकडची खिडकी, दुसऱ्या बाजूला आतल्या बोळाकडची खिडकी, आणि मधे स्टुलावर कामशात. नातेवाइकांनी बाहेरून पिशवी द्यायची, कामशातने ती उपसून बघायची, नावाची चिठ्ठी लावायची, आणि आजाऱ्याने आतल्या बाजूने न्यायची. एकतीस वर्षं तिने हेच केलं. एवढ्या काळात तिचं लग्न झालं, नवरा सोडून गेला, मुलगी वाढून सासरी गेली, देशाचं नाव बदललं, इस्पितळाला तीनदा रंग लागला. स्टूल मात्र तेच राहिलं. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून बाई जरा डावीकडे कलून बसते. आता ती चालतेही तशीच.

अल्माटीत दर जानेवारीत फ्लूची साथ येते आणि मोठे डॉक्टर दाराला कागद चिकटवतात: भेटायला येण्यास बंदी. मग अख्ख्या इस्पितळाचा बाहेरच्या जगाशी संबंध उरतो तो कामशातच्या खोलीपुरता. त्यातही नियम असा की एक खिडकी उघडायची तर दुसरी बंद हवी, नाहीतर वारं आत शिरतं. काचांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग. म्हणजे बाहेरच्याला आतला दिसत नाही, आतल्याला बाहेरचा. दोघांनाही दिसते ती कामशात.

हृदयाच्या मजल्यावर खारट, तेलकट चालत नाही. लोकांना सांगावं तर लोक ऐकतात, मान डोलावतात आणि घोड्याच्या मांसाचं सॉसेज लोकरीच्या मोज्यात घालून पाठवतात.

"हा मोजा इतका जड कसा गं?" कामशात विचारते.

"चांगल्या लोकरीचा आहे, आपा."

"आणि लोकरीला लसणाचा वास येतो?"

असा तिचा दिवस जातो. पिशवीवरून तिला सगळं कळतं. कुणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, कुणाचा मुलगा परगावी आहे, कुणाची माणसं आता कंटाळली. पहिल्या आठवड्यात गरम डबे येतात, तिसऱ्या आठवड्यात दुकानातला पाव.

उर्किया म्हातारी चौथ्या मजल्यावर आली ती जानेवारीच्या सुरुवातीला. बहात्तर वर्षांची, अंगाने चिमणीएवढी, हृदयाची एक झडप निकामी. तिचा नवरा सेईतकान त्र्याऐंशी वर्षांचा, सगळे त्याला अता, म्हणजे आजोबा, म्हणत. तो दोन बस बदलून रोज अकराच्या ठोक्याला थर्मास घेऊन बाहेरच्या खिडकीशी हजर. उर्कियाकडे मोबाइल होता, पण कानातलं यंत्र आणि मोबाइल जवळ आले की शिट्टी वाजायची. तेव्हा तिने तो घरी परत पाठवला होता. नवराबायकोचं बोलणं कामशातच्या तोंडून.

"म्हातारीला सांग, कोंबडी पुन्हा अंडी घालायला लागली."

कामशात खिडकी लावायची, दोन पावलं चालायची, दुसरी उघडायची. "आपा, कोंबडी अंडी घालायला लागली म्हणे."

"विचार त्याला, किती घातली."

परत दोन पावलं. "अता, किती घातली?"

"मी काय तिच्या ढुंगणाशी बसून मोजतोय? म्हणावं, स्वतः येऊन मोज."

रांगेतली माणसं हसायची. मागून कुणी ओरडायचं, "अता, कोंबडीलाच पाठवा ना उद्या!" म्हातारा मागे वळून काठी दाखवायचा. बावन्न वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारली नव्हती. तो म्हातारा, ती म्हातारी. तरुणपणी काय म्हणत होते कोण जाणे.

शनिवार-रविवार खिडकी बंद असते. सोमवारी म्हातारा आला नाही. उर्कियाने तीनदा फेरी मारली आणि शेवटी म्हणाली, "बर्फ पडलाय ना. बरं झालं नाही आला. पडून हाडं मोडली तर त्याची खाट माझ्याशेजारी टाकतील, इथेही सुख नाही."

मंगळवारी थर्मासच्या जागी काचेची बरणी आली. आणली होती नाझिराने, उर्कियाच्या सुनेने. नाकापर्यंत मफलर, डोळे सुजलेले. बरणीत मांसाचं गरम सार, निवू नये म्हणून भोवती कापड गुंडाळून वर गाठ मारलेली. कामशातने सवयीने गाठ सोडली, कापड झटकलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

फिकट हिरवं, बारीक फुलांचं, कोरं कापड. हातभर लांब. आणि दोन कडा कात्रीने कापलेल्या नाहीत, हाताने फाडलेल्या, दोरे लोंबत असलेल्या.

असं कापड दुकानात मिळत नाही. पिकलं पान गळावं तसं जुनं माणूस गेलं की घरातल्या बायका ठाण फाडून तुकडे करतात आणि मयतीला आलेल्यांना वाटतात. इतकं वय तुमच्याही वाट्याला येवो म्हणून. लोक ते जपून ठेवतात. कामशातच्या पेटीत अकरा तुकडे आहेत, अकरा मयतींचे.

"कुणाचं हे?" तिने विचारलं.

"काय, आपा?"

"पोरी, हे कापड कुणाच्या मयतीचं?"

नाझिराने कापडाकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं आणि मफलर तोंडात कोंबला. "घरभर तेच पडलंय, आपा. हाताला लागलं ते गुंडाळलं. अल्ला, मी काय करून बसले होते! तुम्ही बघितलं नसतं तर..."

"अता?"

"शनिवारी पहाटे. चहाचा पेला हातात होता, सांडलासुद्धा नाही. रविवारी दुपारी मातीत ठेवलं."

"आणि हिला कोण सांगणार?"

"कुणी नाही. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का बसला तर टेबलापर्यंतही पोचायची नाही. येरसाइन म्हणतो, बरी होऊन घरी येऊ दे, मग बघू." येरसाइन म्हणजे नाझिराचा नवरा, उर्कियाचा एकुलता एक मुलगा. "आपा, तुमच्या मुलीची शपथ, तुम्ही बोलू नका."

मुलीची शपथ आधी घालून मग विनंती करायची, ही या लोकांची जुनी खोड. कामशातने कापडाची घडी केली, ते नाझिराच्या हातात कोंबलं आणि बरणीला आपला स्वतःचा टॉवेल गुंडाळला. खिडकी लावली. दोन पावलं. दुसरी खिडकी उघडली.

"काय गं, माझ्या म्हाताऱ्याचे पाय बर्फात रुतले का?"

"रस्त्यावर बर्फाची काच झालीये, आपा," कामशात म्हणाली. "सुनेने त्यांना बाहेर पडू दिलं नाही. तीच आलीये."

एवढं बोलली आणि अडकली. मरणाची बातमी अशी खिडकीतून कुणी देत नाही. तिला माणसं लागतात, वयाची, घरची. चौघांनी मिळून यावं, बसावं, लांबून लांबून बोलत जवळ यावं आणि ऐकणाऱ्याने आपणच ओळखावं. उभ्या उभ्या फटकन सांगणारा माणूस जन्मभर लक्षात राहतो, आणि चांगल्यासाठी नाही. कामशात ना नात्याची, ना गोत्याची. तिला सांगायचा हक्क नव्हता. मग खोटं बोलायचा हक्क कुणी दिला, हे तिला रात्री अंथरुणावर सुचलं, पण तोवर मंगळवार संपला होता.

लपवलेल्या बातमीची चव तिला ठाऊक होती. सतरा वर्षांची असताना डोंगरापलीकडच्या गावाहून ती नर्सिंग शिकायला शहरात आली होती. पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर तिचे वडील गेले. गावाने ठरवलं, पोरीचं वर्ष वाया जाऊ नये. चोवीस दिवस कुणी कळवलं नाही. पेपर झाले आणि ती नवा लाल स्वेटर घालून, साखरेच्या गोळ्यांची पिशवी घेऊन घरी निघाली. अंगणातूनच ओरडली, "बाबा, पास झाले!" घरातल्या बायकांनी एकदम गळा काढला. तिच्या हातून पिशवी सुटली आणि गोळ्या अंगणभर झाल्या. शेजारची पोरं त्या वेचून खात होती, हे तिला वडिलांच्या चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आठवतं. पुढे तिने पुस्तक हातात धरलं नाही. गावावर राग धरावा तर सगळ्यांनी तिच्या भल्यासाठीच केलं होतं. भलं करणाऱ्यावर रागावता येत नाही, हाच त्यातला सगळ्यात वाईट भाग.

बुधवारी उर्कियाने प्रश्नांची मोट बांधून आणली. धुराडं साफ केलं का? तिने विणलेले बोकडाच्या लोकरीचे मोजे सापडले का? कोंबडीचं काय?

कामशात बाहेरच्या खिडकीशी गेली. नाझिराला धुराड्याचं माहीत होतं, कोंबडीचंही. मोज्यांचं विचारल्यावर ती नुसती रडायला लागली.

कामशातने आतली खिडकी उघडली. "धुराडं येरसाइनने साफ केलं. कोंबडी बरी आहे. आणि मोजे घालूनच बसलेत म्हणे. म्हणाले, पाय अगदी उबेत आहेत."

उर्कियाचा चेहरा फुलला. त्या फुललेल्या चेहऱ्याने कामशातचा घात केला. हात सैल झालेल्या वाढपिणीसारखं तिने आणखी एक वाढलं. "आणि विचारत होते, म्हातारी जेवली का?"

उर्कियाने बरणी छातीशी धरली. मग कानातलं यंत्र नीट बसवलं. "काय म्हणाला?"

"जेवलीस का म्हणून."

"बावन्न वर्षांत या माणसाने मला जेवलीस का विचारलं नाही. तो विचारतो, जेवायला आहे का." तिने कामशातकडे निरखून पाहिलं. "आजारी नाही ना तो?"

"नाही, आपा."

"मग प्यायलेला असेल," म्हणून ती गेली. पण जाताना पाय जरा हलके पडत होते. कामशातने ते पाहिलं आणि स्टुलावर बसून उरलेल्या अकरा पिशव्या न तपासताच वर पाठवल्या. त्या दिवशी हृदयाच्या मजल्यावर किती सॉसेजं पोचली असतील, अल्लालाच ठाऊक.

गुरुवारी डॉक्टरांनी उर्कियासमोर सहीचा कागद ठेवला. छाती उघडावी लागेल, जोखीम आहे, सही करा. म्हातारीने कागद उलटा करून परत दिला. म्हणाली, "म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय मी कोंबडी कापली नाही. माझी छाती कशी कापू देऊ? तो हो म्हणाला तर सही."

दुपारी येरसाइन स्वतः खिडकीशी आला. पन्नाशीचा आडदांड माणूस, शहरात बस चालवतो. सहा दिवसांत डोळे खोल गेलेले.

"आपा, एवढंच करा. सांगा, अता हो म्हणाले."

"हे मी बोलणार नाही."

"तीन दिवस बोललात की! मोजे बोललात, जेवलीस का बोललात. आता तोंडाला कुलूप?"

"मोजे बोलले, सुरी नाही बोलले. सोमवारी ती टेबलावरून उठली नाही तर तिला टेबलावर झोपवलं कुणी? जो मातीत आहे त्याने? की मी?"

"आणि सही केली नाही तर? डॉक्टर म्हणतात, उन्हाळा दिसायचा नाही तिला."

"माहीत आहे."

"खरं सांगितलं तर आजच मरेल!"

"तेही माहीत आहे, बाबा. मला सगळं माहीत आहे, म्हणून तर मला झोप नाही." मागे रांग कुरकुरायला लागली. कामशातने आवाज खाली आणला. "उद्या अतांचा सातवा दिवस ना? सकाळी अकराला तुमची वडीलधारी माणसं घेऊन ये. रीतीने सांगा. मग ती सही करो, न करो, तिची ती करेल."

"आत कोण सोडणार? बंदी आहे."

"माझ्या खोलीला बाहेरून दार आहे. एकतीस वर्षं त्यातून मी एकटीच ये-जा करते. उद्या अजून चौघं करतील."

"आणि आईला काही झालं तर?"

कामशातने खिडकी लावली.

मग ती ताइसिया इवानोव्नाकडे गेली. ही चौथ्या मजल्याची मोठी नर्स, रशियन, शिस्तीची, चादरीवर सुरकुती दिसली तर डॉक्टरांनाही सोडत नाही. कामशातने सगळं सांगितलं. ताइसियाने चष्मा काढून पुसला.

"तुला कामावरून काढतील, कामशात."

"पेन्शनला दोन वर्षं आहेत. काढलं तर काढलं."

"मूर्ख बाई." चष्मा परत नाकावर चढला. "उद्या अकरा वाजता मी तळमजल्यावर चादरी मोजायला येणार आहे. बोळात, तुझ्या खिडकीपाशी. माझ्या खिशात इंजेक्शन असतं, नेहमीच असतं. ढकलगाडीही तिथेच पडलेली असते. मी चादरी मोजताना मला दुसरं काही दिसत नाही."

शुक्रवारी अकराला त्या खाटेएवढ्या खोलीत पाच माणसं कोंबली गेली. सेईतकानचा धाकटा भाऊ अबझाल-अता, उर्कियाची बहीण बालझिया, येरसाइन, नाझिरा आणि कामशात. अबझाल-अताला स्टूल दिलं तर तो डावीकडे कलंडला आणि "या स्टुलालाही ऑपरेशन हवंय" म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यालाही हसायचं नव्हतं, सवयीने तोंडातून गेलं.

बोळातून सपातांचा आवाज आला. कामशातने आज खिडकी उघडली नाही, शेजारचं बारकं दार उघडलं.

उर्कियाने एकेकाचा चेहरा पाहिला. दीर. बहीण. मुलगा. सून. मग त्यांच्यामागे पाहिलं, तिथे फक्त बंद दार होतं.

अबझाल-अताने घसा साफ केला आणि सुरुवात केली, रीतीने, लांबून. डोंगरावर यंदा बर्फ किती पडला, जुनी झाडं कशी वाकली, माणूस किती जपलं तरी कुणाच्या हाती काय असतं. आवाज थरथरत होता, पण वाट सोडत नव्हता.

"कधी?" उर्कियाने विचारलं.

अबझाल-अता थांबला. अजून तो झाडांपर्यंतच आला होता.

"कधी गेला?"

"शनिवारी," बालझिया म्हणाली. "पहाटे."

उर्किया बोटांवर दिवस मोजत राहिली. शनिवार, रविवार, सोमवार. मंगळवारच्या बोटाशी थांबली आणि मान वर केली. ती ना दिराकडे बघत होती, ना मुलाकडे.

"मग बुधवारी जेवलीस का म्हणून कोण विचारत होतं?"

"मी, आपा," कामशात म्हणाली.

"मोजे?"

"मीच."

"माझा म्हातारा मातीत, आणि तू मला सांगतेस पाय उबेत आहेत."

एकतीस वर्षांत त्या खोलीतून पळून जावंसं कामशातला फार वेळा वाटलं होतं, पण आज दोन्ही दारांत माणसं होती.

मग उर्कियाने गळा काढला. आपल्याकडे बाई नवऱ्यासाठी रडते ते शब्दांत रडते, लयीत, त्याचं सगळं आयुष्य ओळीने मांडून. एवढीशी बाई, पण आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. आजारी माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. बाहेरची रांग गप्प झाली, काहींनी टोप्या काढल्या. तिने त्यात त्याचा घोडा आणला, त्याचा राग आणला, कोंबडीसुद्धा आणली. ताइसिया इवानोव्ना दोनदा आत आली, दोनदा नाडी पाहिली, दुसऱ्यांदा इंजेक्शन दिलं आणि चादरी मोजायला परत गेली. हृदय थांबलं नाही.

अर्ध्या तासाने उर्किया म्हणाली, "माझा कोट आणा. आज सातवा आहे, माझ्या घरात परकी माणसं जेवत असतील आणि मी इथे गोळ्या खात बसू? उद्या परत येते. मग कुठे हवं तिथे कापा." डॉक्टर ओरडले, स्वतःच्या जबाबदारीवर जाते असा कागद पुढे केला. तिने त्यावर आणि ऑपरेशनच्या कागदावर एकदमच सही केली.

कामशातला कामावरून काढलं नाही. लेखी ताकीद आली, आणि खोलीच्या बाहेरच्या दाराला इस्पितळाने कुलूप घातलं. आता तिलाही मोठ्या दाराने, सगळा बोळ ओलांडून यावं लागतं.

ऑपरेशन सोमवारीच झालं. उर्किया तगली. तीन आठवडे तिचे डबे नाझिरा आणायची आणि न्यायला दुसरीच कुणी बाई यायची. उर्किया स्वतः खिडकीशी फिरकली नाही. घरी जायच्या दिवशी मात्र आली. कोट, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. कामशातने खिडकी उघडली.

"मंगळवारपासूनचं तुला माफ नाही," उर्किया म्हणाली. "ते मी वर घेऊन जाणार, तिथे बघू. मी दुसऱ्या कामाला आलेय. त्याच्या आधीचा शुक्रवार. तो स्वतः आला होता, शेवटचा. तेव्हा तो काय म्हणाला ते मला सांग. जसंच्या तसं."

कामशातने तोंड उघडलं. थर्मास आठवला. मिशीवरचा बर्फ आठवला. कोंबडीचं काही बोलला होता का? ते तर बुधवारी. म्हणजे बुधवारी ती स्वतःच बोलली होती. धुराडं? रस्ता? त्याच्या आवाजात तिला जे जे ऐकू येत होतं, ते सगळं तिचंच निघत होतं. खरा शुक्रवार त्याखाली कुठेतरी होता, आणि तो तिनेच बुजवला होता.

काहीतरी छान सांगणं तिला अगदी सोपं होतं. तिच्याइतकं ते कुणालाच जमलं नसतं.

"आठवत नाही, आपा," ती म्हणाली.

"आठव."

"आठवते आहे. येत नाही. माझंच मधे येतं."

उर्किया खिडकीशी उभी राहिली. बाहेर येरसाइनने गाडीचा हॉर्न दिला. पलीकडच्या काचेवर कुणीतरी नाण्याने टकटक करत होतं, "आपा, उघडा ना, डबा निवतोय!" पण एक खिडकी उघडी असताना दुसरी उघडायची नाही, हा नियम. आणि म्हातारी जागची हलेना.

"मी थांबते," ती म्हणाली. "तू आठव."